उंबरसोंडीचा वाटाड्या मागं का चालतो

बसा, बसा सगळे. इथं कातळावर टेका, ऊन इकडं येत नाही. बाटल्यांतलं ते कोमट पाणी ओता झाडाला आणि हे भरून घ्या. प्यायलात की घशापासून पोटापर्यंत कळतं कुठून कुठं चाललंय ते. आणि ओ निळी टोपी, त्या मधमाश्यांवर रुमाल झटकू नका. पाणी प्यायला आल्यात बिचाऱ्या. तुमच्या-माझ्या आधीपासून येतायत त्या इथं.

आता मान वर करा. डोंगराला आरपार भोक दिसतंय ना, त्याला आम्ही नेढं म्हणतो, सुईला असतं तसं. नेढ्याच्या बरोबर खाली हे कुंड. सगळं रान वैशाखात करपून जातं, पण ह्याचं पाणी वीतभर खाली गेलेलं मी तरी बघितलं नाही. आणि अजून वर सोंडेश्वराचं देऊळ. शिखर पडलंय, नंदीचं एक शिंग गेलंय, पण खांब चुन्याशिवाय अजून उभे आहेत. ते बघायलाच तुम्ही एवढ्या लांबून गाडी करून आलात. दाखवते ना, देऊळ काही पळून जात नाही.

सकाळपासून तुमच्यातले दोघं-तिघं माझ्यावर रुसलेत, मला कळतंय. गाडीतून उतरल्या उतरल्या मी ह्या परचुरे काकूंना विचारलं, गुडघे दुखतात का. त्या हो म्हणाल्या, तशी त्यांना हाताला धरून सगळ्यांच्या पुढं उभं केलं आणि स्वतः जाऊन शेवटी उभी राहिले. निळी टोपी म्हणाले, गाइड तुम्ही, मग मागं कशा? काकूंच्या चालीनं गेलो तर पोचणार कधी? मी उत्तर दिलं नाही. चढावर गोष्ट सांगितली की अर्धी तुमच्या धापेत जाते. आता दम खाल्लाय, आता ऐका. मी चिमाबाई गवारी, सून ह्याच गावची. ही गोष्ट मला माझ्या सासऱ्यांनी सांगितली, त्यांना त्यांच्या चुलत्यानं. खरी किती आणि तिखटमीठ किती, ते सोंडेश्वराला ठाऊक. पण उंबरसोंडीत वाटाड्या मागं चालतो आणि सगळ्यात हळू चालणारं माणूस पुढं, एवढं खरं. त्याचं कारण असं सांगतात.

फार पूर्वी हे देऊळ नवंकोरं होतं. कुण्या एका राणीनं नवस फेडायला ते बांधायला घेतलं आणि बारा वर्षं इथं पाथरवटांच्या छिन्न्या वाजत होत्या म्हणे. आमच्या गावानं पाठीवर दगड वाहिले. देऊळ पुरं झालं, पण देव काही बसेना, कारण डोंगरावर पाणी नव्हतं. पावसाळ्यात चारी कड्यांवरून धो-धो कोसळायचं आणि होळी झाली की थेंब नाही. आमची म्हातारी माणसं तर म्हणतात, चुना कालवायलाही पाणी नव्हतं म्हणूनच देऊळ बिनचुन्याचं झालं. होळीनंतर गाव घरांना कड्या लावायचं आणि गुरं, कोंबड्या, लेकरं घेऊन खाली नदीकाठी खोपटी बांधून राहायचं, ते मिरगाला, पहिल्या पावसाला, परत वर. दर साल हेच.

मग राणीकडचे शास्त्रीबुवा आले. ते म्हणाले, ज्याच्या डोक्यावर बारमाही पाण्याची धार नाही, तो महादेव कसला? येत्या अखितीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला, पालखीतून पिंड वर आणू. त्या दिवशी ह्याच डोंगरातलं पाणी तिच्यावर पडलं तर देव इथं राहील. नाही पडलं तर पिंड तशीच खाली न्यायची आणि नदीकाठी दुसरं देऊळ बांधायचं. शास्त्रीबुवांचं काय चुकलं? पण देव खाली गेला की माणसंही खालीच राहणार, हे सगळ्यांना कळत होतं. मिरगाला वर यायला मग कुणाला हौस राहील? चार सालांत उंबरसोंडीच्या घरांत तरस राहायला लागले असते.

तेव्हा गावात वाटाड्याचा मान हैबतकडं होता. घाटानं येणारा व्यापारी असो, यात्रेकरू असो, त्याला डोंगरापार न्यायचं हे त्याच्या घराण्याचं काम. हैबत उंचापुरा, काटक, आणि चाल अशी की मागच्याला नुसती त्याच्या काठीची टकटक ऐकू यावी. त्याची एक शेखी होती, ती अजून आमच्याकडं सांगतात. तो म्हणायचा, जो मागं वळून बघतो त्याला वाट पाठ नाही. वाटेत तो न थांबता ओरडून सांगायचा, इथं वाका, इथं पाय जपा, आणि ह्या नेढ्याखाली आलं की, इथं माश्या आहेत, तोंड झाका आणि पळा. लोक डोक्यावरून घोंगडी घेऊन जे पळायचे ते सरळ त्या वळणापार. त्यामुळं झालं काय, की अख्ख्या डोंगरात ही एकच जागा अशी होती, जिथं कुणी कधी उभंच राहिलं नव्हतं.

शास्त्रीबुवांचं बोलणं ऐकून हैबत पुढं झाला. त्यानं गावासमोर बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली. "अखितीचा दिवस मावळायच्या आत मी पाणी दाखवीन. नाही दाखवलं, तर ह्या डोंगरावर पुन्हा कुणाच्याही पुढं पाऊल टाकणार नाही."

जमीन म्हणाल तर त्याला बैल बसेल एवढी. लोकांच्या पुढं चालणं, तेवढंच त्याचं पोट आणि तेवढीच त्याची अब्रू. ती त्यानं पणाला लावली. सासरे सांगायचे, त्या दिवशी हैबतच्या बायकोनं चूल पेटवली नाही.

त्या साली गाव खाली गेलं, पण हैबत रोज दहा गडी घेऊन वर यायचा. उंबराखाली पाणी असतं, हे लहान पोरालाही माहीत. म्हणून त्यांनी आधी उंबरांच्या मुळाशी खणलं. सात उंबर खणले, मुळं लागली, मुरूम लागला, पाणी नाही. मग कपारी बघितल्या, घळी बघितल्या. बघितल्या म्हणजे काय, धावत गेले आणि धावत आले. दिवस थोडे आणि डोंगर केवढा!

आता ह्यात एक बाई येते. हैबतची आत्या, ठमा तिचं नाव. आमच्याकडं आजही कुणी रेंगाळलं की म्हणतात, काय गं, ठमाआत्या झालीस का? गोल, हसरी बाई. बाप तिचा मध काढणारा होता, लहानपणी त्याच्याबरोबर रानोमाळ फिरलेली. देवानं तिला पाय दिले आणि घाई द्यायला विसरला. दिसेल तिथं थांबायची. मुंग्यांची रांग दिसली, थांबली. करवंदाची जाळी दिसली, थांबली. रोज सकाळी ती ह्या गड्यांच्या मागून पाणी शोधायला निघायची आणि संध्याकाळी ते परत फिरले की अर्ध्या वाटेत भेटायची, पदरात करवंदं घेऊन. हैबतचा जीव आधीच टांगणीला. तो चिडायचा. दहा जण पळून थकलो तरी आम्हाला दिसत नाही, ते हिला बसल्या जागी दिसणार आहे, असं सगळ्यांदेखत बोलायचा. ती त्याच्या हातावर करवंदं ठेवायची. खा रे, लई गोड आहेत, एवढंच म्हणायची.

अखिती उजाडली, आणि पाण्याचा पत्ता नव्हता. ठरल्याप्रमाणं पालखी निघाली. पुढं हैबत, मागं भोई, शास्त्रीबुवा, सनईवाला, आणि रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका. रिकाम्या घागरी कशाला, तर आस सुटत नाही माणसाची. पायथ्याशी हैबतनं माणसं मोजली, एकेचाळीस. नेढ्याखाली आल्यावर नेहमीसारखं तोंड झाकून सगळी पळाली. देवळापाशी पोचले तेव्हा दिवस कलायला लागला होता. हैबतनं पुन्हा मोजली, चाळीस भरली. कोण राहिलं ते कुणी विचारायची गरजच नव्हती.

आता बघा त्याच्यापुढं काय होतं. देवळाच्या मागं एक खोल घळ आहे, तेवढी एकच शोधायची राहिली होती. ती त्यानं शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती, सगळी मदार तिच्यावर. दिवस मावळायच्या आत घळीत उतरून वर यायचं तर आत्ताच निघायला हवं. आणि आत्या तिकडं खाली एकटी, वाघरू फिरतं अशा रानात. शास्त्रीबुवा म्हणाले, राहू दे, म्हातारी कुठंतरी बसली असेल, उतरताना घेऊ. गावकरीही म्हणाले, हैबत, तू घळीत जा. पाणी लागलं तर गाव राहील, तूही राहशील. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"एकेचाळीस निघालो होतो," तो म्हणाला. "एक माणूस वाटेत टाकून पाणी काढलं, तर ते मी देवाच्या डोक्यावर कुठल्या तोंडानं घालू?"

आणि तो घळीकडं पाठ करून खाली निघाला.

तीस सालं ज्या वाटेवरून तो धावला होता, तिच्यावरून तो त्या दिवशी पहिल्यांदा हळू चालला. माणूस शोधायचं तर प्रत्येक दगडामागं वाकावं लागतं. हाका मारायचा, थांबायचा, कान द्यायचा. असा येत येत तो इथं नेढ्याखाली आला. सवयीनं त्यानं डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि पळणार, तेवढ्यात त्याला गाणं ऐकू आलं. आत्या जात्यावरचं काहीतरी गुणगुणत होती.

ती बरोबर ह्याच कपारीशी बसली होती, जिथं आता परचुरे काकू बसल्यात. हात खांद्यापर्यंत चिखलानं भरलेले, कपाळाला चिखल, आणि पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. चांगलं झुळझुळ वाहणारं पाणी! तिच्या अंगावर, हातांवर माश्या बसलेल्या आणि ही खुशाल गातेय.

"ये, तोंड उघडं कर," ती म्हणाली. "पाणी प्यायला आलेली माशी चावत नसते."

झालं होतं असं. सगळे पळाले तेव्हा हिला काही पळता येईना, म्हणून ही थांबली. थांबली म्हणून तिनं माश्यांकडं नीट बघितलं. मोहोळ तर कुठं दिसेना. वैशाखाच्या उन्हात रानात फूल नाही, मग ह्या एवढ्या माश्या दगडाच्या चिरेत कशाला जातायत? मध काढणाऱ्याची लेक ती. तिनं चिरेत हात घातला तर आत गार चिखल. मग दगड हलवले, माती उपसली, काठीनं टोकरलं, आणि दुपार कलायच्या सुमाराला धार फुटली. तिनं हाका मारल्या, घसा बसेस्तोवर मारल्या. पण पुढं पळणाऱ्याला मागची हाक ऐकू येते होय?

हैबत तिच्या शेजारी मटकन बसला. ओंजळीनं पाणी प्यायला, तोंडावर मारलं आणि रडला. मग हसायला लागला. दोघंही हसत सुटली. तीस सालं मीच लोकांना इथून पळवत होतो, तो म्हणाला, मीच.

आत्यापाशी एक तांब्या होता, तो भरला. हैबत म्हणाला, दे इकडं, मी धावत नेतो, दिवस बुडायला आला. आत्या काही तांब्या सोडेना. पाणी मी काढलंय, मीच नेणार. आणि आज अखिती, अख्खा दिवस मुहूर्ताचा, कशाला जीव घाबरा करतोस? पुढची वाट तेव्हा एका माणसापुरती, दोन्हीकडून करवंदीच्या जाळ्या. ओलांडून जायचं म्हटलं तरी जाता येईना. ती पुढं आणि तो मागं. ती चार पावलं टाकणार, थांबणार, तांब्यात बघणार, पुन्हा चार पावलं. ह्याचा जीव वर-खाली. पण सांगतात की त्या अर्ध्या कोसात हैबतला स्वतःचीच वाट पहिल्यांदा दिसली. कुठं ससा बिळात गेला, कुठं दगडावर शेवाळ आहे, कुठं पाय घसरतो आणि माणूस कशाला धरून सावरतं, सगळं मागून दिसतं.

ती दोघं जाळ्यांतून बाहेर आली तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. भोयांनी पालखीचे दांडे खांद्यावर घेतले होते. आत्या थांबली नाही. तशीच डुलत डुलत गेली आणि पालखीत पिंडीवर तांब्या ओतला.

पुढं काय विचारता! बायका घागरी घेऊन पळाल्या. सनईवाल्याला दम धरवेना. शास्त्रीबुवांनी धोतराचा काचा मारला आणि ह्या कुंडापर्यंत धावत आले म्हणे, आणि माश्यांच्या मध्ये बसून पोटभर पाणी प्यायले. त्या रात्री देव देवळात बसला, आणि त्या साली पहिल्यांदा गाव मिरगाच्या आधी घरी आलं.

पण हैबतनं दुसऱ्या दिवशी काठी नेऊन देवळाच्या पायरीवर ठेवली. लोक म्हणाले, अरे, पाणी तर लागलं, आता कसली शपथ? तो म्हणाला, मी दाखवीन म्हणालो होतो, आणि दाखवलं आत्यानं. बेलभंडारा काय गंमत म्हणून उचलतात का? ह्या डोंगरावर मी आता कुणाच्या पुढं चालणार नाही. लोकांनी पुष्कळ समजावलं. पण माणूस शब्दाचा पक्का. शेवटी आत्या आली, अर्थातच सगळ्यांच्या शेवटी. तिनं काठी उचलून त्याच्या हातात दिली.

"मग मागं चाल," ती म्हणाली. "वाटाड्यानं पुढंच चाललं पाहिजे असं कुणी सांगितलंय? हळू चालणाऱ्याला पुढं घाल आणि तू मागं राहा. कुणी हाक मारली तर ऐकू तरी येईल."

तेव्हापासून हा रिवाज पडला. हैबतनं पुढं पंचवीस-तीस सालं तसंच लोकांना नेलं, आणि डोंगरात माणूस चुकलं असं एकदाही झालं नाही. आत्या देवाघरी गेली. हैबत म्हातारा झाला. ह्या कुंडाच्या वर, वळणावर, झोपडी बांधून पाण्याची राखण करत राहिला.

तुम्हाला वाटलं गोष्ट संपली. निळी टोपी उठायलाच लागले होते. बसा जरा, खरी गंमत पुढं आहे.

एका अखितीला सगळं गाव वर देवळात पोचलं आणि हैबतच नाही. मागं चालणारा तो, आता स्वतःच सगळ्यात हळू झालेला. त्याच्या मागं बघायला कुणी नव्हतं. लोक परत आले तर करवंदीच्या जाळीत बसलेला, गुडघा धरून. लोक म्हणाले, बाबा, तुम्हीच घालून दिलेला रिवाज आहे, हळू चालणारा पुढं. तुम्ही आता पुढं व्हा. तो म्हणाला, पुढं व्हायचं नाही, शपथ आहे. आणि मागं राहिलो तर तुमच्या पायात खोडा. त्यापेक्षा माझी अखिती आता इथून, लांबूनच. असं म्हणून तो झोपडीत गेला. जो त्या अखितीला मागं फिरला म्हणून हा देव डोंगरावर राहिला, त्यालाच देवाचं दर्शन नाही. गावाला अन्न गोड लागेना.

काय करावं ते म्हणे पाणी भरणाऱ्या बायकांच्या डोक्यात आलं. पुढच्या साली होळीनंतर सगळं गाव कोयते आणि पहारी घेऊन वर गेलं. म्हातारा गुडघ्यापायी झोपडीतच पडून होता, त्याला सांगितलं, पायऱ्या दुरुस्त करतोय. सव्वा महिना काम चाललं. अखितीच्या सकाळी त्याला हात धरून झोपडीबाहेर आणलं, तर समोर जाळ्याच नाहीत. वळणापासून देवळापर्यंत सगळं पठार मोकळं केलेलं, शंभर हात रुंद वाट, दोन्ही कडांना धोंड्यांचे बांध. आणि त्या रुंदीभर अख्खं गाव आडव्या एका रांगेत, हातात हात घालून उभं. मधे एक जागा मोकळी ठेवलेली.

हैबतनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. मग त्यानं विचारलं,

"म्हणजे मी कुठं चालायचं?"

"आमच्यात," गाव म्हणालं.

आजही अखितीला सगळी उंबरसोंडी त्या वाटेनं तशीच जाते, आडव्या एका रांगेत, आणि जो सगळ्यात हळू त्याच्या चालीनं. जावई असो, सरपंच असो, कुणी पाऊलभर पुढं जात नाही. पाहुण्यांनाही आम्ही तसंच नेतो. ते बघा, वळणापलीकडं बांधाचे धोंडे दिसायला लागले. उठा आता. काकू, सावकाश. निळी टोपी, तुम्ही काकूंचा हात धरा. तिथून पुढं मी गाइड नाही. चला, मलाही मधे घ्या.